चंद्री पाण्यात बसली

म्हैस स्विमिंग पुलात उतरली तेव्हा देवेश पुण्याच्या पाहुण्यांना फोनवर रस्ता समजावत होता. "हो मॅडम, पाणी एकदम निळं आहे," असं म्हणत तो मागच्या परसात आला आणि त्याचा आवाजच बसला. निळ्या पाण्याच्या मधोमध गावातल्या हौसाकाकीची चंद्री डोळे मिटून बसली होती. नुसतं डोकं वर. आजूबाजूला काकीचीच बदकं फिरत होती.

"हॅलो? हॅलो?" फोनमधून अक्षया मॅडम.

"आहे... निळंच आहे," देवेश म्हणाला आणि फोन ठेवला.

मुंबईची नोकरी सोडून त्याने आचऱ्याच्या वेशीलगत होमस्टे काढला होता. परसात छोटासा स्विमिंग पूल. त्याचे बाबा, गुरुदास, त्याला पूल म्हणायचेच नाहीत. खड्डो म्हणायचे. आणि त्यांची एकच अट होती. "पयलो पावणो हसत गेलो पायजे. नाय गेलो तर मी त्या खड्ड्यात माती घालून माड लावतलय." माडाची रोपं त्यांनी आधीच आणून पुलाच्या कडेला ओळीने मांडली होती. देवेश रोज सकाळी त्या रोपांकडे बघत चहा प्यायचा. चहा गोड लागायचा नाही.

मग देवाचा कौल झाला आणि गावपळण लागली. तीन दिवस अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन हद्दीबाहेर. घरांना कड्या. आत कोणी पाऊल टाकायचं नाही. गावची हद्द म्हणजे व्हाळ, एक ओढा. देवेशचं घर नेमकं त्याच्या अलीकडे, हद्दीबाहेर. तो बायकोला म्हणाला, "रसिका, गाव बंद, पण आपला धंदा चालू!" व्हाळ ओलांडून आलेली माणसं पहिली कुठे टेकणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

ती त्याच्याच परसात टेकली. माडाच्या झावळ्या विणलेल्या झापांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या. हौसाकाकीने बदकांची टोपली उघडली.

"काकी, बदका पाण्यात नको हां," देवेश म्हणाला.

"अरे मेल्या, बदकाक पाणी नको तर काय खुर्ची देव?"

रसिका म्हणाली, जाऊ दे, बदकंच तर आहेत. बदकं गेली. त्यांना बघून चंद्रीने दावं सोडवलं आणि पायऱ्यांवरून सावकाश खाली उतरली. त्या पायऱ्याही बाबांचीच कृपा. ठेकेदार शिडी लावत होता, तर बाबा अडून बसले, "म्हातारी माणसा शिडयेन उतरतली काय?" म्हणून जांभ्याच्या रुंद पायऱ्या घातल्या. म्हाताऱ्या माणसांपैकी अजून कोणी उतरलं नव्हतं.

"काकी, म्हस काढ गो भायर! पावणे येतत!"

"चंद्रे! ये गो बाय!" काकीने हाक मारली. चंद्रीने एक कान हलवला.

"ती अशी येवची नाय रे. पेंडीची बादली वाजवल्याशिवाय ती उठणा नाय."

"मग वाजव मा!"

"बादली घराकडे रवली."

"घर तर ह्या समोर दिसता! मी धावत जाऊन हाडतय."

परसात भाकरी थापणारे हात थांबले. बाबा उठून उभे राहिले.

"गावपळण मोडतलस? बादलीसाठी?"

"बाबा, पावणे रडत गेले तर तुमीच माड लावतलात!"

"ता खरा. पण व्हाळ ओलांडलस तर आधी तुझी तंगडी मोडीन, मगे माड लावीन."

रसिकाने घरातली प्लास्टिकची बादली बडवली. "तिका पत्र्याची व्हयी," काकी म्हणाली. मग रसिकाने पत्र्याचा डबा बडवला. चंद्री हलली नाही. पण परसाबाहेर चरणाऱ्या वाडीच्या आणखी दोन म्हशी तो आवाज ऐकून धावत आल्या. बघतात तर पेंड नाही. पाणी होतं. त्या पाण्यात गेल्या.

देवेशने पंप लावून पाणी उपसायला घेतलं. "चिखल झालो तर त्यो उद्यापण उठूच्यो नाय," काकी म्हणाली. देवेशने पंप बंद केला आणि माडाच्या रोपाशेजारी खाली बसला.

तेवढ्यात गाडी आली. अक्षया मॅडम खांद्यावर टॉवेल टाकूनच उतरल्या. मागून त्यांचे मिस्टर प्रीतम सर, काखेत हवा भरलेलं पिवळं बदक. खऱ्या बदकांनी त्याच्याकडे बघितलं.

"हे फोटोत नव्हतं," अक्षया मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गावपळण आहे. फार जुनी प्रथा. बघायला मिळत नाही कुठे."

"प्रथा छान आहे," प्रीतम सर म्हणाले. "पण आम्ही कुठे उतरायचं?"

"त्या कडेक जागा आसा मा," हौसाकाकीने अगदी मनापासून सुचवलं. "गरीब आसत. मारनत नाय."

आणि चंद्रीने शेपूट वर केलं. पाणी त्यानंतर निळं राहिलं नाही.

गाडी तारकर्लीच्या दिशेने वळली. घाईत पिवळं बदक मात्र इथेच राहिलं. संध्याकाळी मोबाईलवर अभिप्राय आला. "पूल उत्तम. म्हशी समाधानी दिसल्या. एक तारा."

पुढे गावपळण संपेपर्यंत म्हशी चरायला बाहेर यायच्या, परत जाऊन बसायच्या. काकी पायरीवरच धार काढायची.

गाव परत गेलं त्या दिवशी तो स्वतःच फावडं घेऊन पुलापाशी गेला. "बाबा, तुमी जिंकलात. पयलो माड खंय लावचो?"

बाबांच्या हातात चहाचा कप होता. चहा दाट होता. "चंद्रीन दूध वाढवल्यान रे," ते म्हणाले. "खड्डो बुजवूचो नाय."

"काय?"

"खड्डो खंयचो? पूल आसा तो."

देवेशच्या हातातलं फावडं गळलं. बाबांनी पूल म्हटलं होतं! त्याला भरून आलं. तोवर बाबांनी पायरीवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवातही केली होती. मागे वाडी जमली होती.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान बांधलेल्या ह्या पुलात वाडीची गुरां सुखान बसांदेत!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या पुलातला पाणी कधी आटा नये!"

"होय म्हाराजा!"

देवेशने दचकून मागे बघितलं. हौसाकाकी चंद्रीला घेऊन उभी होती.

"काकी," त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं, "बादली खंय आसा?"

"घराकडे," काकी म्हणाली, आणि तिने दावं सोडलं.