शंभरातले एकशेचार

अर्थसंकल्प हे राष्ट्राचं एकमेव पुस्तक असं आहे, की जे छापून होईपर्यंत कोणाला पाहू द्यायचं नसतं आणि छापून झाल्यावर कोणाला पाहायचं नसतं. या दोन्ही अवस्था मिळून जी गोपनीयता तयार होते, ती आजवर कुठल्याही कुलपाला साधलेली नाही.

हे पुस्तक तयार करायला किती कष्ट पडतात याची लोकांना कल्पना नसते. एका अधिकृत पाहणीनुसार या कष्टांची टक्केवारी अशी : गोपनीयता राखणे ३१, गेल्या वर्षीच्या आकड्यांवर दहा टक्के चढवणे २२, चढवलेले उतरवण्यासाठी बैठका घेणे १७, त्या बैठकांच्या चहाची व्यवस्था १२, भाषणात बाकं कुठे वाजवायची त्या जागा ठरवणे १४, आणि उरलेले ११ टक्के प्रत्यक्ष आकडेमोड. (पाहणी सरकारनेच केलेली असल्यामुळे तिच्यावर शंका घेण्याचं कारण नाही.)

गोपनीयतेचं म्हणाल, तर सरकारी छापखान्यातली माणसं दरवर्षी अकरा दिवस छापखान्यातच कोंडून ठेवतात. फोन काढून घेतात, खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवतात, आणि दारावरचा पहारेकरी टोपलीतले कपटेसुद्धा मोजून घेतो. या कोंडलेल्यांमध्ये एक मुद्रितशोधक बाई होत्या. छापून आलेलं पान मूळ कागदाशी ताडून पाहायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. सगळा छापखाना त्यांना पाठीमागे अनुस्वारबाई म्हणायचा. तोंडावरही तेच म्हणायचा, कारण बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. सव्वीस वर्षांत त्यांच्या लाल पेन्सिलीखालून एक अनुस्वार निसटला नव्हता. या काळात राष्ट्राचं कर्ज नऊपट झालं, पण 'कर्ज'वरचा रफार एकदाही जागचा हलला नाही.

बाईंच्या घरी एक धाकटी बहीण होती. सगळे तिला धाकटीच म्हणत. वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात ती आठ वर्षं तात्पुरती परिचारिका होती. दर अकरा महिन्यांनी तिला एका दिवसासाठी काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे, म्हणजे तिच्या तात्पुरतेपणात खंड पडत नसे. यंदाच्या अर्थसंकल्पात मात्र दवाखान्यांसाठी पहिल्यांदाच वेगळी तरतूद होती. शंभरातले चार, आणि सगळ्या परिचारिका कायम! ती ओळ वाचताना बाईंना उठून नाचावंसं वाटलं. पण सांगणार कोणाला? दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि बाहेर पडायला अजून सहा दिवस होते.

घोळ झाला तो पहिल्या पानावरच्या वर्तुळामुळे. सरकारच्या शंभरातले किती कुठे जातात ते या वर्तुळात रंगीत फोडी पाडून दाखवतात, म्हणजे ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांना निदान रंग तरी कळावेत. यंदा वर्तुळाला उजवीकडे पोक आलं होतं. वाकडं काही बाईंना खपत नसे. त्यांनी चित्रं काढणाऱ्याला बोलावून घेतलं.

"हे काय काढलंयस? भोपळा?"

"फोडी मावत नाहीत हो बाई. ही दवाखान्यांची नवी घातली, पण जुनी एकही कोणी कमी केली नाही. मी तरी किती दाबून बसवू?"

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पानाची बेरीज केली. एकशेचार. मग खालून वर केली. तरी एकशेचार. आणि हाताने समासात लिहूनही टाकलं : 'बेरीज १०४ येते. खात्री करावी.' हात सव्वीस वर्षांचा मुरलेला. तो डोक्याला विचारायला थांबला नाही.

अर्थखात्याचे उपसचिव छापखान्यातच मुक्कामाला होते. समासातली ओळ वाचून ते खुर्चीत ताठ झाले. त्या पानावर एकोणचाळीस अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. चौकशीत असं आढळलं, की प्रत्येकाने आपापली फोड कसोशीने तपासली होती आणि ती बरोबरच होती. सगळ्या फोडी मिळून तपासणं हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं. मुद्रितशोधकाच्या तर मुळीच नाही.

तातडीची बैठक बसली. (चहासह.) दोन उपाय पुढे आले. पहिला, 'या अधिनियमापुरता शंभर म्हणजे एकशेचार समजावेत' असं एक कलम घालणं. विधी खात्याची त्याला हरकत नव्हती. पण मग शाळेची गणिताची पुस्तकं नव्याने छापावी लागली असती, आणि त्यासाठी तरतूद नव्हती. दुसरा उपाय, चाराची एक फोड काढून टाकणं. चाराच्या फोडी दोनच होत्या : दवाखाने, आणि समारंभ व स्वागतकमानी. समारंभांना हात लावता येईना, कारण अर्थसंकल्प मांडण्याचा समारंभ त्यातच येत होता. समारंभच झाला नाही, तर सरकारने हिशेब कसा चोख केला हे जनतेला सांगायचं कुठे? दवाखाने एकमताने गेले.

बाई धावतच उपसचिवांकडे गेल्या.

"साहेब, चुकलं माझं. मी ती शंका मागे घेते."

"शंका मागे घ्यायचा फॉर्म नाही, बाई. आणि चुकलं कसलं? राष्ट्राचे चार टक्के वाचवलेत तुम्ही. प्रशस्तिपत्र देतोय तुम्हाला."

"अहो, वस्तीतली माणसं येतात हो तिथे. माझी बहीण आहे तिथे. आठ वर्षं झाली, अजून तात्पुरती आहे."

"मग तर प्रश्नच मिटला," उपसचिव मायेने म्हणाले. "तिला सवय आहे. आता एवढं करा, पुस्तकात जिथे जिथे दवाखाने आलेत, तिथे तिथे काट मारा. तुमच्याइतकी बारीक नजर इथे दुसरी कोणाची?"

नऊशे पानांत दवाखाने सतरा ठिकाणी होते. बाई आपल्या टेबलाशी बसून रडल्या. चांगल्या ढसाढसा रडल्या, आणि रडत रडत एकेक ओळ कापत गेल्या. काम चोख होत होतं, याचाच त्यांना जास्त संताप येत होता. सोळा झाल्या. सतरावी पान सहाशे अकरावर होती, परिशिष्ट 'ण'मध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत : 'वस्त्यांमधले दवाखाने चालवणे व तेथील परिचारिकांना कायम करणे, शंभरातले चार.' बाईंनी पेन्सिल टेकवली. उचलली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि पान उलटलं. सव्वीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अर्थसंकल्प थाटात मांडला गेला. भाषण दोन तास दहा मिनिटं चाललं आणि बाकं एकसष्ट वेळा वाजली. (त्यातली एक वेळ मंत्र्यांना खोकला आला तेव्हाची होती. ती जागा ठरलेली नव्हती.) वर्तुळ इतकं सुरेख गोल आलं होतं, की वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. पुढे सभागृहाने नऊशे पानं चौदा मिनिटांत 'सर्व परिशिष्टांसह' मंजूर केली. जे छापलं ते मंजूर, आणि मंजूर झालं ते द्यायलाच हवं. कोषागाराने पैसे सोडले. हा खर्च शंभराच्या बाहेरचा आहे, हे कोषागाराला कोणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःहून काही कळून घेणं हे त्याच्याही कामात बसत नव्हतं.

धाकटी नेमणुकीचं पत्र घेऊन घरी आली. हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"ताई, अगं पहिल्या पानावर दवाखाने नाहीतच म्हणतात. मग हे आलं कुठून?"

"असेल कुठेतरी आत. तू कशाला शोधतेस? हातपाय धू आणि जेवायला बस."

आता राहिली देखरेख. अर्थसंकल्पावर लक्ष ठेवायला एकवीस सभासदांची छाननी समिती असते. वर्षभराने ती बसली. नऊ सभासद हजर होते, आणि त्यातल्या दोघांना दुसऱ्याच बैठकीला जायचं होतं. शुद्धलेखनाची अडचण आली तर जवळ असाव्यात म्हणून अनुस्वारबाईंना कोपऱ्यात बसवलं होतं. अध्यक्षांनी पुस्तक मधूनच उघडलं. पान सहाशे अकरा. त्यांचं बोट परिशिष्ट 'ण'वर येऊन थांबलं.

"हे काय आहे?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. प्रशस्तिपत्र, नोकरी, धाकटीचं पत्र, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"इतकं बारीक?" अध्यक्ष कडाडले. "वाचणाऱ्याचे डोळे फुटतील! पुढच्या वर्षी मोठं छापा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. समितीने हीच सूचना आपल्या अहवालात पहिली घातली. त्याप्रमाणे पुढच्या वर्षी ती ओळ मोठ्या टायपात छापली गेली, आणि प्रथेनुसार तिच्यावर दहा टक्के चढले.

ही हकिगत छापावी की नाही, याची सांगणाऱ्याला फार धाकधूक होती. पान सांगितलं, परिशिष्ट सांगितलं. उद्या एखादा वाचक उठला, त्याने ते पुस्तक उघडून बेरीज केली, तर धाकटी पुन्हा तात्पुरती व्हायची. म्हणून आधी एक लहानशी खात्री करून घेतली. वर दुसऱ्या परिच्छेदात कष्टांची टक्केवारी दिली आहे. तिची बेरीज एकशेसात होते. आपण ती वाचलीत, चहापाशी बहुधा थोडं हसलात आणि काही तक्रार न करता इथपर्यंत आलात. धाकटीला तसं कळवलं आहे. ती आता निर्धास्त कामावर जाते.