जावई घरीच ठेवायचा

भाग्यश्री ओट्याशी मेथी निवडत होती. तिचा मोबाइल हॉलमध्ये वाजला आणि रविराजने ठरवलं की तो तिला नेऊन द्यायचा. नुसता नेऊन दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हॉलपासून ओट्यापर्यंतच्या वाटेत (वाट कसली, टू बीएचके तो) त्याचं बोट नको तिथे लागलं आणि एक व्हिडिओ सुरू झाला.

व्हिडिओत समुद्र होता. त्यात एक बाई फळीवर उभी राहायला धडपडत होती आणि तिचे दोन्ही हात धरून एक पोरगा तिला उभी करत होता. सावळा रंग, उन्हाने पिंगट झालेले केस, आणि पोटावर बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे चौकोन. खाली लिहिलं होतं, 'लेडीज स्पेशल बॅच. साई सर स्वतः शिकवतील.' रविराजने खाली आपल्या पोटाकडे बघितलं. बर्फी तिथेही होती, फक्त वड्या पाडायच्या राहिल्या होत्या.

"हे काय आहे गं?"

"आमची ट्रिप," भाग्यश्री मान वर न करता म्हणाली.

भाग्यश्रीचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवाल्यांचं. दसऱ्याच्या आधी आठवडाभर माहेरच्या झाडून साऱ्या बायका, सासरी गेलेल्या लेकींसकट, झेंडू तोडायला वाकलेल्या असत. आता दसऱ्याचा झेंडू विकून झाला होता, दिवाळीचा अजून कळीत होता. या मधल्या मोकळ्या दिवसांत रोशनीवहिनीने, म्हणजे भाग्यश्रीच्या भावजयीने, फर्मान काढलं होतं की यंदा सगळ्या जणींनी कोकणात जायचं. कासारवेळ नावाच्या गावी. तिथे सर्फिंग शिकवतात, आणि जवळच्या डोंगरात धबधबे आहेत, त्यांना अजून पाणी आहे.

"आणि नवरे?"

"नवरे नाहीत."

रविराज अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दिवसभर चांगल्या मालात खोट शोधायची हा पेशा, आणि घरी आल्यावर डोक्यातलं मशीन काही बंद होत नसे. त्यातून माणूस मुळातच जळका. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला भाग्यश्री 'किती स्पष्ट बोलतो' म्हणाली तर हा चॅनल बदलायचा. मग इथे तर समुद्र, फळी आणि दोन्ही हात! त्या दिवशी मेथीची भाजी त्याच्या घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने भिकनला गाठलं. भिकन त्याचा मित्र, ट्रॅव्हलर गाडीचा मालक आणि ड्रायव्हर. बायकांनी त्याचीच गाडी ठरवली होती. रविराजने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "तू आजारी पड."

"काय झालंय मला?"

"कंबर धरली आहे तुझी."

भिकन मैत्रीला जागणारा माणूस. तो पट्टा बांधून, काठी टेकत, कण्हत मखमलाबादला जाऊन आला. त्याची ती अवस्था बघून भाग्यश्रीच्या लताआत्यांनी त्याला निर्गुडीचं तेलसुद्धा दिलं.

"आता गाडी कोण चालवणार?" रोशनीवहिनीने कपाळाला हात लावला.

"मी चालवतो की!" तिथे अगदी योगायोगाने हजर असलेला रविराज म्हणाला. नोकरी लागण्याआधी वडिलांचा भाजीचा टेम्पो पंचवटीच्या बाजारात तोच घेऊन जायचा, त्यामुळे हात बसलेला होता.

"जावई नको बाई," लताआत्या म्हणाल्या. "जावई आला का आधी त्याला ताट वाढा, त्याला गरम पोळी वाढा, त्याला गादी घाला. मंग ट्रिपला कशाला जायचं? हे तर आपण घरीबी करतोच."

यावर बायकांची आत बैठक बसली. बाहेर येऊन रोशनीवहिनीने निकाल सांगितला. "दाजी, यायचं तर ड्रायव्हर म्हणून या. जावई घरीच ठेवायचा. तिथं लेडीज बॅच आहे, नवरा बरोबर आणलाय असं कळलं तर आमची बॅच रद्द होईल. कोणाचे तुम्ही कोण, हे तोंडातून काढायचं नाही."

रविराजने देवाची शपथ घेतली. भाग्यश्री त्याच्याकडे नुसती बघत राहिली. खूश झाली असेल, असा त्याने त्या बघण्याचा अर्थ लावला. (पंधरा वर्षांच्या संसारात त्याने लावलेले बहुतेक अर्थ असेच होते.)

मुलाला, ओमला, आजीकडे सोडून शुक्रवारी सकाळी गाडी निघाली ती संध्याकाळी कासारवेळला पोचली. साई सर स्वतः स्वागताला उभे होते. व्हिडिओत होते त्याहून प्रत्यक्षात पुष्कळ देखणे. साईने लताआत्यांना "या आजी" म्हटलं, रोशनीवहिनीला "या काकू" म्हटलं (वहिनीचा चेहरा पडला), आणि मग भाग्यश्रीकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

भाग्यश्रीने त्याला हळूच काहीतरी सांगितलं.

"वा! या, भाग्यश्री."

रविराजच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून त्याने स्वतः बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'अगं', 'ऐकलंस का' आणि 'ओमची आई' एवढ्यावर संसार सुखाने चालला होता. तिचं नाव म्हणजे कपाटातलं चांदीचं ताट. सणावारीसुद्धा बाहेर काढलं नव्हतं. आणि हा कालचा पोरगा थेट त्यातच जेवायला बसला!

"ड्रायव्हरकाका," साई त्याच्याकडे वळून म्हणाला, "गाडी तिकडे माडाखाली लावा. तुमची सोय मागच्या खोलीत आहे."

काका! रविराजने बायकोकडे आशेने बघितलं. तिने बॅग उचलली आणि ती निघून गेली. रात्री बायकांना अंगणात केळीच्या पानावर उकडीचे मोदक होते. ड्रायव्हरकाकांना मागच्या ओसरीवर आमटी-भात होता, सोबत एका टँकरचा ड्रायव्हर होता, आणि तो घोरतही होता. सासुरवाडीला पहिली पोळी ज्याच्या पानात पडते, तो हा जावई.

सकाळी किनाऱ्यावर शिकवणी सुरू झाली. ड्रायव्हरकाकांना काम मिळालं, सगळ्यांच्या पर्स सांभाळायचं. वाळूत मांडी घालून, भोवती पर्सचा बाजार मांडून तो बसला. बसताना खिशातली गाडीची किल्ली मांडीला टोचत होती, म्हणून ती काढून त्याने शेजारी टॉवेलवर ठेवली. डोळे मात्र समुद्रावर.

रोशनीवहिनी फळीवरून पडली. बाकीच्याही पडल्या. लताआत्या कडेलाच फतकल मारून लाटा अंगावर घेत बसल्या होत्या. मग भाग्यश्रीची पाळी आली. लाट आली, साईने फळी ढकलली, आणि भाग्यश्री उठून उभी राहिली. गुडघे वाकवून, कुणाचा हात न धरता, थेट किनाऱ्यापर्यंत ती उभ्या उभ्या आली.

"भाग्यश्री! भाग्यश्री!" साई पाण्यात उड्या मारत ओरडत होता. "पहिल्या लाटेला कुणी उभं राहत नाही! कुठे शिकलात?"

"शेतात," ती धापा टाकत हसली. "पेरणीआधी रान सपाट करायला बैलांच्या मागं फळी बांधतात ना, तिच्यावर वजन म्हणून आमचे वडील मलाच उभी करायचे. बैल काय थांबून विचारतात का, पडलीस का म्हणून!"

तिचं ते हसू रविराज बघत राहिला. ती इतकं मोकळं हसते हेच तो विसरला होता. खरं सांगायचं तर त्याला साईचा राग आला नव्हता, भीती वाटली होती. हे हसू आपल्या घरात का येत नाही, याचं उत्तर कुणी मागितलं तर काय सांगायचं, ही भीती. पण भीती वाटल्यावर शांत बसायला माणसाला अक्कल लागते. भाग्यश्री पाणी प्यायला पर्सपाशी आली, तेवढ्यात हा उठला आणि शर्ट-पँटसकट पाण्याकडे धावत सुटला.

"मला पण शिकायचंय!"

"काका, पोहता येतं का?" साईने विचारलं.

"गोदावरीत पोहलोय!" (रामकुंडाच्या पायरीवर, साखळी धरून.)

पुढचं वर्णन थोडक्यात करतो, कारण घडलंही थोडक्यातच. ड्रायव्हरकाका फळीवर पालथे पडले. लाट आली. फळी किनाऱ्याला लागली, काका लागले नाहीत. साईने त्यांना कॉलर धरून बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या नाकातोंडातून समुद्र गळत होता. उभं राहताच रविराजने सवयीने खिसा चाचपला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"किल्ली! गाडीची किल्ली समुद्रात गेली!"

सगळ्या बायका गोळा झाल्या. दुपारी धबधब्याला जायचं होतं, आणि गाडी कुलूपबंद. भाग्यश्री काहीतरी बोलणार होती. तिने तोंड उघडलं, नवऱ्याकडे बघितलं, साईकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. बिचारीला माझी दया आली, असं रविराजला वाटलं.

"टेन्शन नाही," साई म्हणाला. "बोर्ड न्यायचा पिकअप आहे माझा. मी नेतो सगळ्यांना धबधब्याला. काका, तुम्ही इथेच थांबा, मेकॅनिक पाठवतो."

फुलांच्या पिकअपमध्ये उभं राहून बाजाराला जाणाऱ्या त्या बायका टपाटप मागे चढल्या. पुढे केबिनमध्ये लताआत्या आणि भाग्यश्री. ज्याच्यावर नजर ठेवायला हा एवढ्या लांब गाडी हाकत आला, त्याच्याच गाडीत बायकोला बसवून दार लावायची वेळ त्याच्यावर आली. दार नीट लागत नव्हतं, तर त्याने जोर लावून लावलं.

मेकॅनिक आला. हातोडी आणि पकड काढून तो दाराच्या कुलपाला भिडला. रविराज सावलीत बसून मोबाइलवर रोशनीवहिनीचं स्टेटस बघत राहिला. पहिला फोटो धबधब्याचा. दुसरा सगळ्या जणींचा. तिसऱ्या फोटोत भाग्यश्री धारेखाली डोळे मिटून उभी, आणि तिचा हात कुणीतरी धरलेला. फोटोच्या कडेला फक्त एक हात दिसत होता. काळाभोर, दणकट हात.

त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी नुसते चौकोन उरले तेव्हा त्याने तो मेकॅनिकसमोर धरला. "खरं सांगा, हा हात बाईचा वाटतो का पुरुषाचा?"

"साहेब, मी गाड्यांचं बघतो," मेकॅनिक म्हणाला. मग त्याने डोकावून बघितलं. "मिसेस आहेत का?"

रविराजला शपथ आठवली. "नाही. पॅसेंजर आहे."

"मग तुम्हाला काय करायचंय?"

तेवढ्यात फोन थरथरला. 'घर', असं नाव आलं. भाग्यश्रीचा नंबर त्याने याच नावाने साठवला होता. "तुमच्या घरून फोन आहे," मेकॅनिक सहानुभूतीने म्हणाला. "घरी लक्ष द्या, साहेब. पॅसेंजर येतात-जातात."

"जेवलात का?" पलीकडून भाग्यश्रीने विचारलं. मागे पाण्याचा आवाज होता.

"तो हात कुणाचा आहे?" रविराज ओरडला.

"कुठला हात?"

"फोटोतला!"

"आत्याचा! आत्या घसरत होती म्हणून धरलाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. चाळीस वर्षं झेंडू खुडलेला हात काळा आणि दणकट नसणार तर काय असणार, हे त्याला तेव्हा सुचलं.

पिकअप परत आला तेव्हा मेकॅनिकने दाराचं कुलूप फोडलं होतं, स्टिअरिंगखालच्या वायरी बाहेर लोंबत होत्या, आणि तो "आता बघा, बिनकिल्लीची सुरू होते का नाही" असं अभिमानाने म्हणत होता. भाग्यश्री खाली उतरली. तिने ते दार बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"अहो! कुलूप फोडायला कुणी सांगितलं?"

"मग काय करू? किल्ली समुद्रात..."

तिने पर्स उघडली आणि किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. सुक्की, खणखणीत किल्ली. "टॉवेलवर पडली होती. तुम्ही पाण्यात धावलात तेव्हा मी उचलून ठेवली."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"उद्या गाडीत सांगते," ती म्हणाली. रविराजला भिकनची आठवण झाली. हे दार बघितल्यावर त्याची कंबर आता खरोखरच धरणार होती.

रविवारी परतीच्या वाटेवर भाग्यश्री आपणहून पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी येऊन बसली. रविराज सुखावला. घाट लागला. कुलूप तुटलेलं दार दोरीने बांधलेलं होतं, ते प्रत्येक वळणावर खडखडत होतं. मागे बायका डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसल्या होत्या.

"का केलंस असं?" शेवटी त्याने विचारलं.

"भिकनच्या कंबरेला काय झालंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्याची बायको माहेरी आमच्याकडे फुलं घ्यायला येते. म्हटलं, येऊ देत. पण दोन दिवस तुमची नजर पाठीवरून हलेना. एक धबधबा तरी मला माझा बघायचा होता."

रविराजने गिअर बदलला. जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "तो तुला नावाने का हाक मारत होता?"

"मीच सांगितलं तसं." ती खिडकीबाहेर बघत होती. "माहेरी मी ताई, तुमच्याकडे वहिनी, शाळेत ओमची मम्मी. तुमच्या मोबाइलमध्ये तर मी घर आहे. काल फळीवर उभी राहिले आणि कुणीतरी भाग्यश्री म्हणून ओरडलं. मला क्षणभर कळेना, कोणाला बोलावतायत. मग कळलं, अरे, ही तर मी. रडूच आलं मला. समुद्रात कुणाला दिसत नाही ते बरं असतं."

तो दोन दिवस त्या पोराच्या पोटावरच्या वड्या मोजत राहिला होता, आणि ती खूश झाली होती ती तीन अक्षरांनी. ती अक्षरं तर याच्या घरात फुकट पडून होती. त्याने घसा खाकरला. आरशात बघितलं. मागे लताआत्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"भा..." त्याला ठसका लागला. त्याने पुन्हा श्वास घेतला. "भाग्यश्री."

"अगं बाई!" एवढंच लताआत्यांच्या तोंडून निसटलं. भाग्यश्रीचे कान लाल झालेले त्याला दिसले, आणि मग ओठांच्या कोपऱ्यात ते कालचं, समुद्रावरचं हसू येताना दिसलं. ते नीट बघावं म्हणून तो पूर्ण तिच्याकडे वळला.

"पुढं बघा, ड्रायव्हरकाका," भाग्यश्री म्हणाली. "खड्डा आहे."

खड्डा होताच. दोरी तुटली, दार सताड उघडलं, आणि मागून सगळ्या जणी एका सुरात त्याच्या नावाने ओरडल्या.