कपाटातून आलेली ताटं

जिनाप्पानं आणलेलं कपाट स्वयंपाकघराच्या दारात अडकलं, तेव्हा पाव्हण्यांची गाडी बोरगावच्या वेशीत शिरली होती.

बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानं ते घेतलं होतं. लेकीला, शालनला, बघायला चिकोडीचे लोक येणार, त्यांना पितळी भांडी झोकात मांडलेली दिसावीत, एवढीच हौस. आता कपाट आत जाईना, बाहेर येईना. स्वयंपाकघराला तेवढं एकच दार. आत पुरणपोळ्या, कटाची आमटी, शालन आणि तिची आई पद्मावती.

"मष्णू, त्याल लाव रं!"

गाडीवान मष्णूनं चौकटीला तेल चोळलं. कपाट चार बोटं सरकलं आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसलं.

पाव्हणे सोप्यात टेकले. मुलाची आई गुणाबाई उन्हाकडं बघत म्हणाली, "दिवस मावळला की आमचं तोंड बंद बघा, जिनाप्पाण्णा."

दिवस मावळल्यावर न जेवण्याचा जैनांचा नेम जिनाप्पाच्या घरीही होता, त्यामुळं 'जरा थांबा' म्हणायचीही सोय नव्हती. बघायला आलेली माणसं उपाशी परतली तर शालनला पुन्हा कोण विचारणार? त्यानं पहार मागवली. "भिंतच पाडतो!"

"अवो, धूळ कुणाच्या ताटात वाढायची?" कपाटापलीकडून पद्मावती म्हणाली. "कपाट काढायचं काम उद्याचं. आजचं काम पाव्हण्यांच्या जेवणाचं. मष्णू, कपाटाची दारं उघड."

"उघडली. फुडं काय, आक्का?"

"फुडचं मागनं."

शालनला रडू फुटलं. "आई, बारा माणसं! आणि दिवस घटकाभर…"

"बारा कुणी मोजाय सांगितली तुला? ह्यो खिळा बघ."

उलथन्यानं तिनं कपाटाच्या पाठीचा एक खिळा उचकटला. मग दुसरा. फळी निघाली आणि भोकात मष्णूचं तोंड दिसलं.

"आता एक ताट. फुडचं मागनं."

साहेब जिथं टोप्या ठेवायचा, त्या कप्प्यातून ताटं बाहेर येऊ लागली. अंधारातून हिरव्या बांगड्यांचे दोन हात पुढं यायचे, ताट ठेवायचे, मागं जायचे. शेवटच्या पाव्हण्यानं चूळ भरली आणि ऊन कौलांवरून उतरलं.

"अरं तिच्या! पोरगी दावायची ऱ्हायलीच की," जिनाप्पा कपाळाला हात लावून म्हणाला.

"बघितली," गुणाबाई म्हणाली. "तोंड काय, उद्या कपाट निघाल्यावर बघू. हात बघितले न्हवं? आमटीचा एक थेंब सांडला न्हाय. पसंत हाय आमाला."

कपाटामागं शालननं आईकडं पाहिलं. ते हात आईचे होते. तिनं स्वतःचे पदराखाली लपवले.

"आई, आता गं?"

"व्हतील तुझेबी तसे," पद्मावती हळूच म्हणाली. "उद्यापासनं रोज एक भाकरी."

शालननं सासरी हे गुपित कधी फोडलं नाही. गुणाबाई जन्मभर गावाला सांगत राहिली, "हात बघूनच केली हिला. माझी नजर चुकायची न्हाय." आणि पुढं पुढं शालनचे हात आईसारखे झाले, तशी ती नजर खरंच चुकीची राहिली नाही.

पद्मावती गेल्याचा सांगावा आला, त्या दिवशी चिकोडीपासून बोरगावची वाट कधी नव्हे एवढी लांब वाटली. निघताना शालननं आधी नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला.

फुडचं मागनं.