पाणीखातं आणि लाल फीत

घरातलं एखादं खातं आपल्याकडेही असावं, असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलं आहे. स्वयंपाक, खरेदी, पाहुणे, नातेवाइकांशी बोलणं आणि न बोलणं ही सगळी खाती बायकोकडे. माझ्याकडे फक्त केराची बादली खाली नेणं. (तेही मला नीट जमत नाही, असं तिचं मत आहे. आमच्या घरात तिचं मत म्हणजे निकाल.) त्यामुळे सासूबाई काविळीतून उठून विश्रांतीसाठी आमच्याकडे येणार असं ठरलं आणि डॉक्टरांनी "पाणी उकळलेलंच द्या, यकृत अजून नाजूक आहे, हयगय झाली तर पुन्हा हॉस्पिटल" असं बजावलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "पाणीखातं माझ्याकडे!"

"तुम्हाला चहाला उकळी आलेली कळत नाही," बायको म्हणाली.

"चहाचं सोड. हा आरोग्याचा प्रश्न आहे."

"हा माझ्या आईचा प्रश्न आहे. तिला काही झालं ना, तर याद राखा."

प्रश्न खरंच गंभीर होता. आमच्या कोपऱ्यावर रस्ता खणताना कुणीतरी पाण्याचा पाइप फोडला होता आणि शेजारून गटार वाहत होतं. पाइप दुरुस्त झाला म्हणत होते, पण सकाळी नळाला येणारं पाणी अजून फिक्या चहासारखं दिसायचं. वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब पोट धरून बसलं होतं. पण घाबरायचं काम नव्हतं, कारण मी साधासुधा माणूस नाही. मी रंगाच्या कंपनीत गोडाउन-क्लार्क आहे, आणि माल तपासून पास करणं हा माझा हातखंडा.

आमच्या गोडाउनची पद्धत अशी. डबा उघडायचा, रंगात बोट घालून बघायचं, ठीक असेल तर कडीला लाल फीत बांधायची. लाल फीत म्हणजे माल पास. आता पास मालाला लाल फीत का, असं कुणी विचारेल. एका जुन्या साहेबांनी हिरवी मागवली होती, दुकानदाराकडे लालच शिल्लक होती. साहेब रिटायर झाले, फीत राहिली. आता आम्हाला रस्त्यावर लाल दिवा दिसला तरी क्षणभर पुढे जावंसं वाटतं.

तर मी स्वयंपाकघरात स्टीलची दोन पिंपं मांडली, अगदी जुळी. एक उकळलेल्या पाण्याचं, प्यायला. दुसरं नळाच्या पाण्याचं, धुण्यापुसण्याला. रोज पहाटे उठून पाणी खळखळा उकळायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, निवलं का ते बोट घालून बघायचं, पिंपात ओतायचं, झाकण लावायचं. आणि उकळलेल्या पिंपाच्या कडीला, अर्थातच, लाल फीत.

बायकोला हे समजावून सांगायला हवं होतं का? मला तशी गरज वाटली नाही. ज्या गोष्टी मला माहीत असतात त्या सगळ्या जगाला माहीत असतात, अशी माझी समजूत आहे. (लग्नाआधी मी तिला पसंत केल्याचंही तिला सांगितलं नव्हतं. ते तिला माझ्या आत्याकडून कळलं.)

सासूबाई आल्या. रोडावल्या होत्या, पण डोळे तेच, सगळं टिपणारे. पहिल्या सकाळी मी बोट घालून पाणी तपासत होतो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"जावईबापू, तुमचं नख निळं का आहे?"

"आकाशी रंगाचा नवा माल आलाय, आई."

"अस्सं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना माझ्या कामाचं कौतुक वाटलं, असं मला वाटलं.

दिवस मजेत चालले. सासूबाईंच्या गालांवर रंग चढू लागला. मी स्वतः मोठ्या श्रद्धेने लाल फितीचं पाणी पीत होतो. त्याला थोडी मातकट चव होती, पण उकळल्यावर पाण्याचं मूळचं सत्त्व वर येतं, असं मी ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं. शिवाय एक चमत्कार घडत होता. मी कितीही प्यायलो तरी ते पिंप संध्याकाळी काठोकाठ भरलेलं असे. माझ्या हाताला बरकत आहे, या विचाराने मला भरून यायचं.

मग आला सुट्टीचा दिवस. मी चहा घेत बसलो होतो. बायकोने न्हाणीघरातला मग आणला, लाल फितीच्या पिंपात बुडवला आणि ते पाणी लादी पुसायच्या बादलीत ओतलं.

"अगं अगं अगं!" माझ्या हातातला कप हिंदकळला. "ते उकळलेलं आहे!"

"काहीतरीच काय! त्याला लाल फीत आहे."

"म्हणून तर ते पास आहे!"

"लाल म्हणजे धोका!"

"लाल म्हणजे पास!"

"कुठल्या जगात?"

"आमच्या गोडाउनात!"

तिने हातातला मग खाली ठेवला. "म्हणजे मी रोज उकळलेल्या पाण्याने फरशी पुसतेय? आणि पिंप कमी झालं की वरून नळाचं भरतेय?"

(बरकतीचा खुलासा झाला.)

"मग आई काय पितेय?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी नुकताच पेला तोंडाला लावला होता. मी धावलो. पुसलेली फरशी ओली होती, त्यामुळे शेवटचं अंतर मी बसून कापलं. पोचल्या पोचल्या पेला हिसकावला, तो थेट त्यांच्या मांडीवर उपडा झाला.

"अहो जावईबापू! तहान लागली असेल तर मागून घ्यावं!"

बायको रडायला लागली. "आई, तू इतके दिवस नळाचं पाणी पितेस गं! गटाराचं पाणी! यांच्यामुळे!" सासूबाई मला मनापासून आवडतात. माझ्या हौसेपायी त्या पुन्हा हॉस्पिटलात जाणार, या कल्पनेने माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टर समोरच राहतात, ते चपला घालून तसेच आले. सासूबाईंचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. (कुठल्या पाण्यात, ते विचारू नका.)

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "गेल्या वेळेपेक्षा कितीतरी छान. पाणी कोण सांभाळतं?"

"मी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"तुम्ही?" आम्ही दोघंही ओरडलो.

"मग काय करू? पहिल्याच दिवशी यांचं निळं बोट पाण्यात पाहिलं. म्हटलं, काविळीतून उठले, आता आकाशी व्हायला नको. बॅगेत माझी विजेची किटली आहे. हे ऑफिसला गेले आणि ही अंघोळीला गेली, की बिनफितीचं पिंप ओतून, घासून, किटलीतल्या उकळलेल्या पाण्याने भरत होते. लाल फितीच्या वाटेला मी गेलेच नाही. लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग बोलली का नाहीस?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"जावयाचा उत्साह कशाला मोडायचा? पहाटे उठत होते बिचारे."

मी हायसं वाटून जोरात हसलो. त्या हसण्याबरोबर पोटातून एक आवाज आला. मघाचा गोळा म्हणजे काळजी असावी असं मी धरून चाललो होतो. तो आता सरकू लागला.

डॉक्टरांनी मान वळवली. "तुम्ही कुठलं पाणी पिता?"

"लाल फितीचं," मी म्हणालो आणि उत्तर पूर्ण होण्याआधीच खोलीतून नाहीसा झालो.

पुढचे दिवस मी अंथरुणात आणि अंथरुणाबाहेरच्या त्या एकाच ठिकाणी काढले. सासूबाई किटलीतलं पाणी, साखर आणि मीठ घेऊन माझ्या उशाशी बसत. विश्रांतीला आलेल्या बाईने जावयाची शुश्रूषा केली, हे आता सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. (नातेवाईक खातं कुणाकडे आहे, ते सुरुवातीलाच सांगितलं.) मला जरा हुशारी वाटू लागली तेव्हा त्यांनी पिंपाची लाल फीत सोडून आणली आणि माझ्या मनगटाला घट्ट बांधली.

"आई," मी आशेने विचारलं, "म्हणजे मी पास ना?"

"तुमच्या गोडाउनात असाल," त्या म्हणाल्या. "ती सुटेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"केर मात्र न्यायचा हं," बायको आतून म्हणाली. "बोट न घालता."