खिडकीपलीकडची वाक्यं

"पुढचा!" बायको परक्या भाषेत खेकसली. भांडी निथळायची जाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी केली होती. ती बँकेची खिडकी. तिच्यापुढे तिचे यजमान, निवृत्त मुद्रितशोधक, नोटांचं पाकीट धरून चोरासारखे उभे होते.

"अहो, मान वर करा."

"अगं, पण तू इतकी अंगावर का येतेस?"

"तिथला कारकून काय मांडीवर घेणार आहे तुम्हाला?"

त्यांचा धाकटा भाऊ परदेशात एकटाच वारला होता. त्याच्या अस्थी तिथल्या दहनगृहात शुक्रवारपर्यंत ठेवणार होते. त्यानंतर सगळ्या बेवारशांच्या एकाच खड्ड्यात. त्याआधी तिथे जाऊन, पैसे बदलून, दहनगृहाचं शुल्क रोख भरायचं होतं. भाषेच्या पुस्तकात 'पैशांचे व्यवहार' असा धडा होता. गिऱ्हाइकाची वाक्यं त्यांनी घेतली, कारकुनाची बायकोने. तिची दोन दिवसांत पाठ झाली. ते मात्र शेवटच्या वाक्यावर दर वेळी अडखळत: "काहीतरी चूक झाली असेल. पुन्हा एकदा बघता का?" जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे एवढंच तोंडाने म्हणता येईना.

शुक्रवारी सकाळी तिथल्या बँकेच्या खऱ्या खिडकीपुढे त्यांची दातखीळ बसली. कारकुनाने दोनदा विचारलं. मागची रांग कुरकुरू लागली. शेवटी बायकोने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि येत होतं ते ठणकावलं.

"ओळखपत्र दाखवा!"

कारकुनाने दचकून छातीवरचा बिल्ला पुढे केला.

"ही रक्कम कुठून आणली?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो आत धावला आणि साहेबाला घेऊन आला. वरच्या कचेरीतून तपासणी आली, अशी साहेबाची खात्रीच झाली असावी. बायकोने पाकीट सरकवताच त्याने स्वतःच्या हाताने नोटा बदलून दिल्या आणि दोघांना दारापर्यंत पोहोचवलं.

"बघितलंत? आवाज लागतो," रस्त्यावर येताच बायको म्हणाली. मुद्रितशोधकांना हसू आलं. भाऊ गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच.

दहनगृहाची खिडकी लहान होती. पैसे आत गेले, पावती बाहेर आली, तिच्यामागून पुठ्ठ्याचा एक डबा. त्यांनी तो उचलला. घरात दोन पायऱ्या एकदम उतरणारा, दारात वाकून शिरणारा त्यांचा धाकटा. डबा एका हातात मावत होता.

ते हलेनात. मग खिडकीकडे वळून, एकही अक्षर न चुकता, परक्या भाषेत म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल. पुन्हा एकदा बघता का?"

आतल्या बाईने कागद पाहिला, डबा पाहिला आणि मान खाली घातली.

बायकोने त्यांच्या हाताखाली हात धरला. पुढचं वाक्य तिचं होतं. जाळीमागून ती ते रोज ओरडून म्हणायची. आज हळू म्हणाली.

"चूक नाही. तपासूनच दिलंय."

मागे एक म्हातारी पैसे मुठीत धरून उभी होती. "पुढचा" असं मात्र कुणीच म्हणालं नाही.