अठ्ठावीस नंबरचा ताप

नवा कोट घालून बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे हातच नाहीसे झाले. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"अहो, हे बघा जरा," त्यांनी हाक मारली.

मास्तर पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर त्यांच्या हातात होता, एवढंच. आयुष्यभर शिंपीकाम करून त्यांनी मागच्या वर्षी दुकान बंद केलं आणि तेव्हापासून घरातली एकही शिवण सुरक्षित राहिली नव्हती. पडदे दोनदा उसवून झाले होते, उशांचे अभ्रे इतके घट्ट झाले होते की उशी घालायला दोन माणसं लागत. ते सोडलं तर मास्तर गप्पगप्प असत, आणि ते गप्प असले की बाईंचा जीव तुटत असे.

मास्तरांनी चष्म्यावरून कोट पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

"कुणी बेतला हा?"

"कॉम्प्युटरने."

"मग त्यालाच म्हणावं, घाल."

बाई एका मोठ्या हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करत. त्या हॉटेलाने पर्यावरणाचं रक्षण करायचं मनावर घेतलं होतं आणि सुरुवात कर्मचाऱ्यांच्या अंगापासून केली होती. नव्या गणवेशाचं कापड केळीच्या खोडाच्या धाग्याचं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याचं होतं. म्हणजे पाहुण्यांनी पाणी प्यायचं आणि बाटली कर्मचाऱ्यांनी अंगावर घालायची. कापड खरोखरच छान होतं, मऊ आणि हलकं. पण माप घ्यायला कंपनीचा माणूस टेप न आणता मोबाइल घेऊन आला होता. त्याने सगळ्यांचे फोटो काढले, सगळ्यांची सरासरी काढली आणि सगळ्यांना त्या सरासरीचा कोट पाठवून दिला. उंच दरवानाची मनगटं उघडी पडली आणि बुटक्या आचाऱ्याच्या बाह्या सुपात बुडू लागल्या.

शिवाय कोट हुशार होता. तो दारं उघडे, माणूस कुठे आहे ते सांगे, अंगातला ताप मोजे. हे सगळं तो कसं करतो यावर कंपनीच्या माणसाने लांबलचक भाषण केलं होतं, पण त्या वेळी सगळे आपापल्या बाह्या दुमडण्यात गुंतले होते. लक्षात राहिला तो एकच नियम: कोट हॉटेलबाहेर न्यायचा नाही आणि त्याला सुई लावायची नाही. लावली, तर नोकरी गेली.

आणि उद्या मालकीणबाई येणार होत्या. कोटाचं प्रात्यक्षिक होणार होतं, आणि त्यानंतर मुख्य देखरेखीची जागा कुणाला द्यायची ते जाहीर होणार होतं. त्या जागेवर बाईंचा कधीपासून डोळा होता. बाईच ती जागा सांभाळतात हे सगळं हॉटेल जाणून होतं, फक्त कागदावर यायचं राहिलं होतं. त्यासाठी हात दिसणं आवश्यक आहे, असं बाईंचं मत पडलं आणि त्यांनी कोट पिशवीतून घरी आणला.

"नुसत्या बाह्या हं," बाई म्हणाल्या. "बाकी हात लावायचा नाही."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि खालचा घेरही कमी केला.

डाव्या बाहीच्या टोकाशी त्यांच्या बोटांना बटणाएवढी चकती लागली. मास्तर खूश झाले. बाही नीट खाली पडावी म्हणून जुने कारागीर टोकाला वजन घालत. "अगदीच अडाणी नाही हा कॉम्प्युटर," ते पुटपुटले. पण आता ही बाही आपण बेतली आहे, तिला वजनाची गरज नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी ते टोक कापून टाकलं. मात्र इतकं सुंदर कापड फेकवेना. उरलेल्या तुकड्यांची त्यांनी बाईंच्या डब्यासाठी एक देखणी पिशवी शिवली आणि तिचं झाकण उडू नये म्हणून चकती झाकणात शिवून टाकली.

सकाळी बाई कोट घालून निघाल्या तेव्हा शेजारीण दारातच म्हणाली, "मावशी, तुम्हीच मालकीण वाटताय!" हॉटेलचं मागचं दार नेहमीसारखं आपोआप उघडलं. उघडणारच, बाईंच्या डाव्या हातात नव्या पिशवीतला डबा होता. बाईंनी डबा स्वयंपाकघरातल्या काचेच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि त्या कामाला लागल्या. त्यानंतर मात्र एकही दार त्यांना ओळख दाखवीना. बाईंना वाटलं, मालकीणबाई येणार म्हणून दारंही बिथरली असतील. त्या कुणाच्या ना कुणाच्या मागून आत शिरत राहिल्या.

जेवणाच्या सुमाराला सगळे दिवाणखान्यात जमले. मालकीणबाईंनीही कौतुकाने नवा कोट घातला होता आणि त्यांची उजवी बाही आतापर्यंत दोनदा चहात जाऊन आली होती. कंपनीच्या माणसाने भिंतीवर मोठा पडदा उजळवला. पडद्यावर हॉटेलचा नकाशा आणि त्यात हिरवे ठिपके.

"एकेक ठिपका म्हणजे एकेक कर्मचारी," तो म्हणाला. "नाव नाही, फक्त नंबर. माणसाचा खासगीपणा आम्ही जपतो. आता बघा, सगळे ठिपके इथेच—"

एक ठिपका इथे नव्हता. तो स्वयंपाकघरात होता आणि निळा होता. शेजारी लिहून आलं: नंबर अठ्ठावीस. सकाळपासून हालचाल नाही. शरीराचं तापमान चार अंश.

हॉटेलचे मॅनेजर पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"चार?" मॅनेजर म्हणाले. "चार अंशाला माणूस कसा असतो?"

"नसतो," कंपनीचा माणूस हळूच म्हणाला.

मॅनेजर पांढरेफटक पडले. ते तापट होते, उठल्यासुटल्या सगळ्यांवर ओरडत, पण कुणाचं बोट कापलं तर मलमपट्टी करायला स्वतः धावत. "कोण आहे अठ्ठावीस?" त्यांनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. आपला नंबर पाठ करावा असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून मोजलं. सगळे हजर निघाले.

"यंत्र चुकत नाही," कंपनीचा माणूस म्हणाला. "मोजणारा चुकत असेल."

मॅनेजरांनी पुन्हा मोजलं. तेवढ्यात बाहेर भोंगा ऐकू आला. यंत्रणेने आपणहून रुग्णवाहिका बोलावली होती.

मग सगळी वरात स्वयंपाकघराकडे धावली. पुढे मॅनेजर, मागे हातात टॅबलेट घेतलेला कंपनीचा माणूस, त्यामागे स्ट्रेचर आणि शेवटी बाह्या सावरत मालकीणबाई. मोठं शीतगृह उघडलं गेलं. मॅनेजर मटारच्या पोत्यांवर चढून "घाबरू नकोस रे, आम्ही आलोय!" असं ओरडत एकेक पोतं बाजूला फेकू लागले. बाईही कंबर कसून मदतीला धावल्या. स्वतःच्याच शोधात त्यांनी बटाट्यांची अख्खी मांडणी रिकामी केली.

इकडे आचाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. जग बुडालं तरी बाईंचा डबा वेळेवर गरम झाला पाहिजे, हा त्याचा रोजचा शिरस्ता. त्याने फ्रिजमधून पिशवी काढली आणि थाळ्या तापवायच्या कपाटात तशीच ठेवून दिली.

"हलला!" कंपनीचा माणूस किंचाळला. "अठ्ठावीस हलला! तापमान वाढतंय. वीस... तीस... सदतीस!"

"वाचला!" मॅनेजर पोत्यावरून खाली उतरले आणि त्यांनी समोर सापडलेल्या दरवानाला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. स्ट्रेचरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चाळीस," कंपनीचा माणूस म्हणाला. टाळ्या थांबल्या. "पन्नास. साठ!"

"अरे, जळतोय तो!" मॅनेजर मटकन खालीच बसले. "कुणाचं तरी लेकरू असेल रे. आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही!"

बाईंनी टॅबलेटमध्ये डोकावून पाहिलं. ठिपका गरम कपाटात होता. त्यांनी कपाटाच्या काचेतून आत पाहिलं. आत त्यांची नवी पिशवी होती. मग त्यांनी आपल्या डाव्या बाहीचं सुबक टोक पाहिलं, आणि बाहीतलं वजन झाकणात घातलंय असं मास्तर सकाळी म्हणाले होते, ते त्यांना आठवलं.

गप्प बसणं सोपं होतं. हळूच डबा काढून चकती कचऱ्यात टाकली की ठिपका पुसला गेला असता आणि संध्याकाळी बढती हातात पडली असती. पण मॅनेजर खाली बसून रडत होते, तेही बाईंच्याच नावाने. ते बाईंना पाहवेना.

"साहेब, उठा," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस मीच आहे. म्हणजे, माझा डबा आहे."

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. कंपनीच्या माणसाने झाकण चाचपलं आणि त्याचा चेहरा पडला. "कोट कापला? नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"कुणी कापला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. मास्तरांचं नाव घ्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. इतक्या दिवसांनी तो माणूस गुणगुणत झोपला होता.

मालकीणबाईंनी बाईंचा हात धरून उजेडात नेला. बाही उलटून पाहिली. मग आपली चहात भिजलेली बाही तिच्याशेजारी धरली.

"खोटं बोलतेस. मागच्या खेपेला तू माझं बटण लावलंस, ते संध्याकाळी ताटात पडलं. हे काम कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "त्यांना काही बोलू नका. त्यांना वाटलं, वजन आहे."

"बोलावून घे त्यांना."

मास्तर आले ते जेलमध्ये जायच्या तयारीने, पिशवीत टॉवेल घेऊन. दारातून त्यांनी ते दृश्य पाहिलं: इथून तिथवर माणसं उभी आणि एकाच्याही अंगात कोट बसलेला नाही. ते पाहताना मास्तरांचा चेहरा असा उजळला, की बाईंना रडूच फुटलं.

"सगळेच करायचेत?" त्यांनी आशेने विचारलं.

"आधी माझा," मालकीणबाई म्हणाल्या.

मग सगळे कोट झाले. बाईंना त्यांची जागा मिळाली आणि मॅनेजरांनी सगळ्यांची नावं पाठ केली. बाह्या नव्याने बेतल्यावर चकत्या उरल्या आणि कापडही उरलं, तेव्हा मास्तरांनी प्रत्येकाला झाकणात चकती घातलेली डब्याची पिशवी शिवून दिली. माणूस एक वेळ कोट विसरेल, डबा विसरणार नाही, हे मॅनेजरांनाही पटलं. दारांना पुन्हा किल्ल्या आल्या. रुग्णवाहिका बोलावण्याची सोय मात्र बंद करून घेतली. कंपनीचा माणूस दूरच्या कचेरीत बसून आकडे पाहतो आणि मालकीणबाईंना कळवतो, की इतके शांत कर्मचारी त्याने कुठेच पाहिलेले नाहीत.

रोज सकाळी पडद्यावर सगळं हॉटेल एका ओळीत, निळंशार, चार अंशांवर बसलेलं असतं. दुपारी आचारी फ्रिज उघडतो आणि एकेक ठिपका लाल होऊ लागतो. अठ्ठावीस नंबर सगळ्यांच्या आधी. मॅनेजर पडद्याकडे पाहतात, खुर्ची मागे सारतात आणि जिन्यातून हाक देतात, "चला रे, ताप आला! हात धुवा!"