सात वाजताची धाप

"पाच मिनिटं!" बुटाची नाडी आवळत निवेदक म्हणाला. "जोरात गेलो की रोजची पाच मिनिटं वाचतात. वर्षाचा हिशोब कर, म्हणजे कळेल."

"आणि पोचल्यावर वीस मिनिटं पंख्याखाली वाळत उभा राहतोस, ती कुठल्या वर्षात धरायची?" बायकोने विचारलं.

निवेदक शहराच्या छोट्या रेडिओ केंद्रावर सकाळच्या बातम्या वाचायचा. आवाज असा भारदस्त, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झुपकेदार मिशांचा, आडव्या बांध्याचा गृहस्थ उभा राहावा. प्रत्यक्षात माणूस काडीपैलवान होता आणि अंगावर जे काही मांस होतं ते सगळं पोटऱ्यांत होतं. ते सायकलने आलेलं होतं. घर ते केंद्र सहा किलोमीटर. सायकल ही जीव तोडूनच चालवायची असते, नाहीतर चालत काय वाईट, असं त्याचं रोखठोक मत होतं. हँडलवर त्याने वेग दाखवणारं यंत्र बसवलं होतं आणि सोळा मिनिटं बावन्न सेकंद हा त्याचा विक्रम घरात सगळ्यांना पाठ होता. घरात सगळे म्हणजे तो आणि बायको.

बायको त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात परिचारिका होती. ती सायकलवर बसायची ते बागेत फिरायला निघाल्यासारखी. तेवढ्याच अंतराला तिला बावीस मिनिटं लागत. पण ती उतरायची तेव्हा केसाची बट हललेली नसायची आणि थेट कामाला लागायची. नेमकं हेच ती आज त्याला समजावून सांगत होती. त्याने प्रतिवाद केला, तिने उदाहरण दिलं, त्याने कागद घेऊन आकडेमोड केली. जोरात गेल्याने पाच मिनिटं वाचतात हे त्याने शेवटी पूर्णपणे सिद्ध केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. ते सिद्ध करण्यात एकवीस मिनिटं गेली होती.

सहा एक्केचाळीस! बातम्या बरोबर सातला. आणि आठवडा कुठला, तर त्याच्या सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीचा शेवटचा. शुक्रवारी केंद्रप्रमुख मॅडम ठरवणार होत्या, की याला कायम करायचं की नारळ द्यायचा. मॅडमचं म्हणणं एकच असे, "आवाज कसा हवा? शांत. लोकांना वाटलं पाहिजे, जग जागच्या जागी आहे."

निवेदक सुटला. चढ बघितला नाही, उतार बघितला नाही. सिग्नलला थांबला तेव्हासुद्धा पाय जागच्या जागी हलवत होता. सहा अठ्ठावन्नला फाटकातून आत शिरला, दोन मजले जिने चढला आणि माईकसमोर खुर्चीत कोसळला तेव्हा लाल दिवा लागलेलाच होता.

"नमस्कार…" तो म्हणाला आणि पुढे नुसती हवा आली.

समोर कागद होता. त्यावर तीनच बातम्या होत्या आणि तिन्ही इतक्या निरुपद्रवी, की झोपेतल्या माणसानेही वाचाव्यात. निवेदकाने जीव एकवटून वाचायला सुरुवात केली.

"शहराचा पाणीपुरवठा… हं… आज… हं… हं… नेहमीप्रमाणे… सुरळीत राहील. नागरिकांनी… हं… काळजी… करू… नये."

काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाने दोन्ही तळहात खाली दाबून खूण केली. त्याला म्हणायचं होतं, दम घे, सावकाश वाच. निवेदकाला वाटलं, आवाज मोठा होतोय. म्हणून त्याने आवाज खाली आणला आणि पुढच्या दोन बातम्या धापा टाकत कुजबुजत्या स्वरात वाचल्या. सार्वजनिक उद्यान आज खुलं राहणार होतं आणि हवामान कोरडं असणार होतं. पण ऐकणाऱ्याला वाटावं, की हा माणूस कपाटात लपून बोलतोय आणि दाराबाहेर कुणीतरी उभं आहे.

आता तुम्हीच सांगा, 'काळजी करू नका' हे वाक्य माणूस कधी ऐकतो? काळजी करण्यासारखं काहीतरी असतं तेव्हाच. त्यात ते सांगणाऱ्याच्याच तोंडचं पाणी पळालेलं. सात वाजून दोन मिनिटांनी शहरातल्या पहिल्या शहाण्या माणसाने नळाखाली बादली लावली. ती पाहून शेजाऱ्याने पिंप काढलं. पिंप पाहून समोरच्यांनी हंडे, पातेली, डबे आणि बाळाचा टब बाहेर आणला. सव्वासातला शहरातला यच्चयावत नळ धो धो वाहत होता. घराघरात जीव भांड्यात पडत होते, आणि पाणीही. पावणेआठला शहराची मोठी टाकी तळाला गेली.

केंद्रावरचा फोन खणखणला. पलीकडे पाणीपुरवठ्याचे अभियंता साहेब होते.

"मी तुम्हाला 'सुरळीत' असं लिहून दिलं होतं ना?" ते ओरडले.

"सुरळीतच वाचलं, साहेब."

"वाचलंत हो! पण कसं वाचलंत! माझ्या घरी माझ्याच आईने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणाली, तुला ऑफिसात काही कळवत नाहीत, रेडिओवरचा तो माणूस बघ कसा हादरलाय. आता टाकी रिकामी आहे. आठच्या बातम्यांत सांगा, दुपारपर्यंत पाणी नाही म्हणून."

निवेदकाने मनाशी ठरवलं, आता चूक करायची नाही. तो तोंड धुऊन आला, दहा वेळा लांब श्वास घेतला आणि बरोबर आठला, मॅडमना आवडेल अशा धीरगंभीर, लोण्यासारख्या आवाजात त्याने सांगितलं, "शहराच्या टाकीतलं पाणी पूर्णपणे संपलं आहे. दुपारपर्यंत नळाला पाणी येणार नाही."

ऐकून शहराला फार बरं वाटलं. आवाजच असा होता, की सगळं कसं जागच्या जागी आहे. शब्दांकडे कुणी लक्षच दिलं नाही. ज्यांनी भरून ठेवलं होतं त्यांनी "हुश्श, मिटलं वाटतं," म्हणून बादल्या झाडांना ओतल्या. आणि राहिलेले निवांत अंघोळीला गेले.

सव्वाआठला दुसरा फोन आला. तंत्रज्ञाने रिसीव्हर निवेदकापुढे धरला. "एक गृहस्थ आहेत. म्हणतात, डोळ्यात साबण गेलाय, आता पुढे काय करू ते त्या निवांत बोलणाऱ्यालाच विचारायचंय."

असे त्या दिवशी एकोणचाळीस फोन आले.

निवेदक संध्याकाळी घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पिंप भरलेलं, कुकर भरलेला, फुलदाण्या भरलेल्या, आणि त्याचं सायकलवरचं शिरस्त्राण, जे आदल्या दिवशी धुऊन वाळत घातलं होतं, तेही ओट्यावर उलटं ठेवून काठोकाठ भरलेलं.

"अगं, तू सुद्धा?" तो हतबुद्ध होऊन म्हणाला. "तुला तर माहीत होतं ना, मी सायकलने दमलोय म्हणून!"

"माहीत होतं," बायको म्हणाली. "पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भरायला घेतलं. सगळी आळी भरतेय आणि मी एकटीनेच तत्त्व घेऊन काय करू? तत्त्वाने भांडी घासता येतात का?"

मग दोघांनी शिरस्त्राणातल्या पाण्याचा चहा केला. तो बरा झाला होता, पण निवेदकाने कप तसाच खाली ठेवला. "शुक्रवारी मला काढणार गं," तो म्हणाला आणि त्याचा तो भारदस्त आवाज पहिल्यांदाच काडीपैलवानाला शोभेल असा निघाला. बायकोला वाईट वाटलं. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते चहाबरोबर गिळलं, आणि नवराबायकोच्या नात्यात याहून मोठा त्याग क्वचितच पाहायला मिळतो.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर मॅडमनी हुकूम काढला. "उद्यापासून सायकल निवांत चालवायची. आणि तुमचा तुमच्यावर ताबा नाही, म्हणून तुमच्या बाईसाहेबांच्या मागे राहायचं. पुढे जायचं नाही. मी त्यांच्याशी फोनवर बोलले आहे."

बुधवारी सकाळी वरात निघाली. पुढे बायको, मागे निवेदक. हँडलवरचं यंत्र असा आकडा दाखवत होतं, की त्याने लाजून त्यावर रुमाल बांधला. एक माळीबुवा सायकलला गवताचा भारा बांधून त्याला मागे टाकून गेले. एका आईच्या मागच्या सीटवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलीने तर वळून त्याला टाटा केला. निवेदकाच्या पोटऱ्या शिवशिवत होत्या, पण समोर बायकोचं मडगार्ड होतं आणि शुक्रवार होता.

"समोरच्या बेकरीवर नवीन रंग दिलाय, पाहिलास?" बायकोने मान न वळवता विचारलं.

"इथे बेकरी आहे?"

"अकरा वर्षं आहे."

गुरुवारी तिने त्याला दवाखान्यातल्या डॉक्टरांची नक्कल करून दाखवली. तो इतका हसला, की सायकल खांबावर जाता जाता वाचली. केंद्रावर तो पावणेसातला पोचला, घामाचा थेंब नाही, आणि बातम्या अशा वाचल्या की तंत्रज्ञाला डुलकी लागली. निवेदकाला मनातून एक गोष्ट कळून चुकली होती. त्याला मजा येत होती. अकरा वर्षांच्या संसारात बायकोशी एवढं बोलणं पहिल्या वर्षानंतर झालं नव्हतं. हे तिला सांगायचं मात्र त्याने टाळलं, कारण मग एकवीस मिनिटांचा तो सगळा वाद हरल्यासारखं झालं असतं.

शुक्रवारी मॅडमच्या खोलीत त्याला बोलावणं आलं. आत मॅडम होत्या आणि त्यांच्या शेजारी साक्षात पाणीपुरवठ्याचे अभियंता साहेब. निवेदकाने ओळखलं, आता तक्रार लेखी असणार.

"बसा," साहेब म्हणाले. "सोमवारी मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती आहे. नऊ वाजल्यापासून दोन दिवस पाणी बंद. गेल्या वर्षी असंच होतं तेव्हा मी आठवडाभर आधी पत्रकं वाटली. गाडीवर भोंगा लावून फिरवला. शाळांमधून मुलांकडून वदवून घेतलं. किती लोकांनी पाणी भरलं असेल?"

"किती?"

"आईने. तेही मी स्वतः नळ सोडला म्हणून. आणि तुम्ही, काळजी करू नका असं सांगून, अख्खं शहर पाऊण तासात भरून दाखवलंत!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "टाकी मी पहाटे काठोकाठ भरून ठेवतो, या वेळी कमी पडणार नाही. मला सोमवारी सकाळी सातला तसंच वाचून हवंय. अगदी तसंच."

निवेदकाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. नेमणूक कायम झाली होती. खाली एक कलम जास्तीचं होतं: पाणी बंद असेल त्या दिवशी निवेदकाने पूर्ण जोर लावून यावे, एरवी निवांत.

सोमवारी तो सुटला तो असा सुटला, की विचारता सोय नाही. सरकारी हुकमाने जोर लावायला मिळणं हे सुख प्रत्येकाच्या नशिबी नसतं. सोळा मिनिटं एकतीस सेकंद! नवा विक्रम. माईकसमोर त्याने अशा काही धापा टाकल्या, की 'पाणी' हा शब्द त्याला तीन हप्त्यांत म्हणावा लागला. तासाभरात शहर भरलं. साहेबांनी फोनवर आनंदाने "वा, वा," म्हटलं.

फक्त एक गोष्ट तंत्रज्ञाने हळूच लक्षात आणून दिली. निवेदकाच्या घराच्या रस्त्यावरच्या लोकांनी बातम्यांच्या आधीच पाणी भरायला सुरुवात केली होती. रेडिओ लावायची त्यांना गरजच उरली नव्हती. सव्वासहापासून खिडकीत उभं राहायचं आणि निवेदक कसा जातो ते पाहायचं. रमतगमत गेला तर चहा टाकायचा. सुसाट गेला तर बादली.

महिन्याभराने, एका स्वच्छ सकाळी, दोघं नेहमीसारखी निघाली. पाणी सुरळीत होतं, हवामान कोरडं होतं, उद्यान खुलं होतं. कोपऱ्यावरून वळल्यावर समोरचा रस्ता मोकळा दिसला तशी बायको एकदम थांबली. तिचे डोळे चमकले.

"पुढच्या चौकापर्यंत शर्यत लावतोस?" ती म्हणाली. "मलाही एकदा बघू दे, काय ठेवलंय त्या पाच मिनिटांत."

निवेदकाच्या पोटऱ्यांत वीज सळसळली. अकरा वर्षं तो या प्रश्नाची वाट पाहत होता. त्याने पायडलवर पाय रोवला, पाठ वाकवली, आणि सहज वर पाहिलं. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खिडकीत एकेक माणूस उभा होता. प्रत्येकाचे डोळे त्याच्या पायांवर होते आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही भांडं होतं.

त्याने पाय खाली टेकला.

"नको गं," तो म्हणाला. "टाकी पुरायची नाही."

"मग मी जाते!" बायको म्हणाली आणि खरोखरच सुटली. ओढणी फडफडत, घंटी वाजवत, अकरा वर्षांचा निवांतपणा एका झटक्यात झुगारून ती दिसेनाशी झाली. निवेदक तिच्या मागून रमतगमत निघाला, तोच वरच्या खिडकीतून हाक आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बहिणीकडची ती खिडकी होती आणि काकू तिथे मुक्कामाला होत्या.

"अहो, थांबा जरा!" हातातला हंडा नळाकडे न्यावा की ओट्यावर ठेवावा हे न कळून त्या बिचाऱ्या घायकुतीला आल्या होत्या. "बाई गेल्या सुसाट आणि तुम्ही निवांत. आम्ही समजायचं काय? भरायचं की नाही?"

निवेदकाने सायकल थांबवली. सगळ्या खिडक्या उत्तरासाठी कान देऊन होत्या. घसा साफ करून, धीरगंभीर आवाजात, जग जागच्या जागी आहे असं वाटावं अशा सुरात तो म्हणाला, "अर्धं भरा, काकू."